मांडी

नळ पाचव्या दिवशी आला, रात्री पावणेतीनला.
शहाबादी फरशी, दुसरी घागर,
आणि पायातून एक आवाज,
वाळलेल्या पानाचा देठ मोडावा तसा.

ऑपरेशन योजनेत बसलं.
मीच तेव्हापासून नीट बसलेले नाही.

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सळई,
वर दोन स्क्रू, खाली दोन.
खालचा एक बोटाला लागतो,
निवडायचा राहून गेलेल्या खड्यासारखा.

लक्ष्मीपती म्हणाले, त्यात काय,
मागावर रोज किती धागे तुटतात,
गाठ मारायची की खटका ओढायचा.
जन्मभर टॉवेल विणलेल्या माणसाला
सगळं जग सुताचंच वाटतं.
डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला:
हाडाभोवती धुरासारखं दिसतंय ना,
ते हळूहळू घट्ट होत जाईल.
तीस वर्षं विड्या वळल्या मी.
धुराचं हाड होताना पाहिलं नव्हतं.

चार महिने वॉकर. मग काठी. मग भिंत.
इनामदारांची मुलगी व्यायाम घ्यायला यायची,
टाच आधी, मावशी, टाच. दहा वेळा. असं तीनदा.
मला दहावर थांबता येत नाही,
माझी बोटं पंचवीसला थांबतात, कट्टा भरला की.
म्हणून ओकटी, रेंडु, मूडु करत
दारापासून मोरीपर्यंत नि परत, पंचवीस पावलं.
संध्याकाळी ती विचारायची, किती झालं?
चार कट्टे, सहा छाट.
छाट म्हणजे पाय लटपटला ती पावलं.
कंपनी छाट काढते, मोजत नाही.
मी मोजते.

विडीला हात लागतात असं लोकांना वाटतं.
मांडी लागते.
मांडीवर सूप, सुपात भिजली पानं, जर्दा, कात्री, दोरा,
आणि दिवसभर त्या सुपाभोवती वाकलेली बाई.
खुर्चीत सूप घसरतं.
स्टुलावर ठेवावं तर खांदे भरून येतात.
हजाराच्या साडेचारशे झाल्या.
नागमणी जमा करायला नेताना
माझ्यात आपल्या चाळीसेक ढकलते.
मला आकडा पाठ असतो. मी काही बोलत नाही.
तिलाही ठाऊक आहे, मला ठाऊक आहे ते.

गड्ड्याच्या दिवसांत थंडी सळईत शिरली.
घरचे सगळे जत्रेला गेले,
मी तव्यावर तापवलेली वीट
डागी टॉवेलात गुंडाळून नडगीला लावली.
मे महिन्यात तीच सळई आतून तापते.
डॉक्टर म्हणतात, असं होत नसतं.
त्यांच्या पायात कुठं आहे?

रोज दुपारी दार लोटून घेते
आणि जमिनीवर मांडी घालून बघते.
डावा गुडघा खाली येत नाही.
पहिल्यांदा त्याखाली अख्खी उशी मावली,
मग चौघडी चादर,
दसऱ्याला दोन कट्टे आडवे.
त्यानंतर फट तिथेच आहे, अडीच बोटं.
तिथून मुंग्या जातात.
एकदा शेंगदाणा घरंगळत गेला,
नातवानं माझ्या गुडघ्याखाली हात घालून काढला,
पुलाखालून काढावा तसा.
सून म्हणाली, अत्ते, आता राहू दे की, खुर्ची आहे.
खुर्ची आहे. खरंय.
खुर्चीत बसलं की मी पाहुणी दिसते,
माझ्याच ओट्यावर.

परवा रात्री गल्लीत भांडी वाजली.
पाणी! कुणीतरी ओरडलं,
आणि नळानं आधी ती हवा सोडली,
फुस्स करून, नेहमीसारखी.
मी उठले, पिंप सरकवलं, पाइप लावला,
घागर भरली, दुसरी भरली,
चादरीवर परत येऊन पडले
तेव्हा लक्षात आलं,
काठी उशाशीच आहे.

खूप वेळ आठवून पाहिलं,
उठताना कुठला पाय आधी टेकला,
टाच आधी की बोटं.
आठवेना.
लक्ष्मीपतींना हलवून उठवलं, सांगावं म्हणून.
ते म्हणाले, पाणी गेलं का?
म्हटलं, नाही, चालू आहे.